शेवटची पानं नसलेलं पुस्तक आणि बाबुराव अर्नाळकर

ही गोष्ट सुरू होते बोईसर स्टेशनबाहेरच्या एका रद्दीच्या दुकानात. सेमिस्टरची पुस्तकं स्वस्तात मिळतील म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं एक जुनं पुस्तक मिळालं आणि सुतळीने बांधलेल्या त्याच गठ्ठ्यात एक बारकंसं पुस्तक फुकट आलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, कागद पिवळा पडून कडेने तुटायला लागलेला. लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही. रद्दीवाल्याने त्याचे वेगळे पैसेसुद्धा घेतले नाहीत, एवढी त्याची किंमत!

रात्री मेसचं जेवण झाल्यावर सहज दोन पानं चाळावीत म्हणून ते हातात घेतलं आणि चांगलाच अडकलो. धनंजय नावाचा एक डिटेक्टिव्ह, छोटू नावाचा त्याचा मदतनीस, एक खून आणि चार-पाच संशयित. दुसऱ्या दिवशी जर्नलचं सबमिशन होतं, ते राहिलं बाजूला. साडेबाराच्या सुमाराला शेवटच्या पानावर आलो. आता धनंजय खुन्याचं नाव सांगणार, सगळे श्वास रोखून बसलेत... आणि पुढची पानंच नाहीत! शेवटचा अख्खा फर्मा गायब.

माझी काय अवस्था झाली असेल ते के.टी.चा रिझल्ट बघताना साईट हँग झालेल्या माणसालाच कळेल. मी रूममेटना उठवलं. त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग आळीपाळीने पुस्तक वाचलं, आणि मग आमची भांडणं सुरू झाली. चौघांचे चार खुनी! एवढ्या रात्री लाईट का चालू आहे हे बघायला आमचे वॉचमन काका वर आले. आम्ही त्यांनाच न्यायाधीश केलं. त्यांनी पुस्तक हातात घ्यायच्या आधी, नुसती धनंजय आणि छोटू ही दोन नावं ऐकूनच सांगितलं की हे अर्नाळकरांचं. कोण अर्नाळकर, असं आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे असं बघितलं, जसं काय आम्ही सचिन कोण म्हणून विचारलंय!

तर, ज्या पुस्तकाला कव्हर नव्हतं त्याच्या लेखकाचा शोध असा लागला. पुढचे काही दिवस मी अभ्यास सोडून याच माणसाच्या मागे होतो. त्याचं फलित म्हणजे हा लेख.

अर्नाळकर हे नाव ज्या गावाचं, ते अर्नाळा आपल्या अगदी शेजारचं. पालघरहून गाडीत बसलं की केळवे रोड, सफाळे, वैतरणा आणि मग विरार. तिथून आगाशीवरून पुढे गेलं की अर्नाळ्याचा समुद्रकिनारा लागतो. समोर बेटावर तो किल्ला, जो १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. आपल्यापैकी बरेच जण तिथे पिकनिकला जाऊन आलेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून अर्नाळा आपल्याच जिल्ह्यात आहे. पण या गावाचं नाव मराठी बोलणाऱ्या घराघरात गेलं ते किल्ल्यामुळे कमी आणि एका रहस्यकथाकारामुळे जास्त, हे मला तरी माहीत नव्हतं.

बाबुराव अर्नाळकर यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. म्हणजे झुंजार आणि काळापहाड यांना जन्म देणारा माणूस स्वतःही दुसऱ्याच नावाने वावरत होता! त्यांचा जन्म ९ जून १९०६ चा. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लेखक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर प्रोफेसर नाहीतर संपादक येतो. इथे मात्र लोकांच्या डोळ्यांचे नंबर बघून काचा बसवून देणारा एक दुकानदार. त्याने लोकांना चष्मे दिले आणि तो चष्मा लावून वाचायला पुस्तकंही दिली.

बाबुरावांच्या आधी रहस्यकथा नव्हत्या असं नाही. अमेरिकेत एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये पहिली डिटेक्टिव्ह कथा लिहिली असं मानतात. इंग्लंडमध्ये १८८७ साली कॉनन डॉईलचा शेरलॉक होम्स आला आणि सगळ्या जगाला वेड लावून गेला. आपल्याकडे गोविंद नारायण दातार म्हणजे दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून मराठीत जाडजूड अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या लोकांनी डोक्यावर घेतल्या. बंगालीत १९३२ साली शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेश बक्षीला आणलं. पण जाड कादंबरी विकत घेण्याची ऐपत किती जणांची होती? आणि दिवसभर राबून आल्यावर तेवढी पानं वाचायची ताकद तरी कुणात होती? बाबुरावांनी ही अडचण बरोबर ओळखली. त्यांची पुस्तकं छोटी, हातात मावणारी, एका बैठकीत संपणारी. वाक्यं लहान. वर्णनांचा फापटपसारा नाही. पहिल्या पानावर काहीतरी घडतं आणि तुम्ही आत ओढले जाता.

आता आपण इंजिनिअर आहोत तेव्हा थोडं गणित करू. गिनीज बुकात त्यांच्या नावावर नोंद झाली ती १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या १,०९२ रहस्यकथांची. अठ्ठेचाळीस वर्षांत १,०९२, म्हणजे वर्षाला सरासरी तेवीसच्या आसपास. म्हणजेच दर सोळा दिवसांनी एक नवीन पुस्तक, आणि हे सलग अठ्ठेचाळीस वर्षं! ना पी.एल., ना दिवाळीची सुट्टी. शेरलॉक होम्सच्या सगळ्या मिळून चार कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. अगाथा ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या ६६. अर्थात तुलना अगदी बरोबरीची नाही, कारण बाबुरावांचं पुस्तक आकाराने बरंच लहान असायचं. तरीसुद्धा सोळा दिवसांत एक नवीन गुन्हा, एक नवीन गुन्हेगार आणि तो सापडण्याची एक नवीन युक्ती शोधून काढायची म्हणजे खायचं काम नाही. आपल्याला पंधरा दिवसांत एक असाइनमेंट होत नाही, आणि तीसुद्धा दुसऱ्याची बघून लिहायची असते!

त्यांनी माणसंही एकापेक्षा एक उभी केली. धनंजय आणि छोटू ही जोडी बघितली की होम्स आणि वॉटसन आठवल्याशिवाय राहत नाहीत. एक डोकं चालवणारा आणि दुसरा सतत त्याच्या बरोबर असणारा. धनंजय कायद्याच्या बाजूचा माणूस. झुंजार आणि काळापहाड यांचं मात्र तसं नाही. ते कायद्याच्या अलीकडे-पलीकडे ये-जा करणारे, वेषांतर करणारे, पोलिसांना गुंगारा देणारे आणि बड्या बदमाशांना धडा शिकवणारे. झुंजारच्या बरोबरीने त्याची विजया. आपल्या वाचकाला काय हवंय हे बाबुरावांना नक्की ठाऊक होतं. ज्या माणसाला दिवसभर मुकादमासमोर मान खाली घालावी लागते, त्याला रात्री दोन तास असा एक माणूस भेटायचा जो कुणापुढेच मान घालत नाही. शिवाय हे सगळं घडायचं ते लंडनच्या धुक्यात नाही, तर आपल्याच माणसांत, मराठी नावांच्या आणि मराठी बोलणाऱ्या माणसांत. घरच्या गल्लीत खून झाला की वाचायला जास्त भीती वाटते, हे काही वेगळं सांगायला नको.

इथे मला वॉचमन काकांच्या वडिलांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाबुरावांचं मोठेपण मला गिनीज बुकापेक्षा त्या गोष्टीतून जास्त कळलं.

काकांचे वडील कोकणातून मुंबईला आले आणि लालबागला एका मिलमध्ये लागले. शाळा दुसरीपर्यंत. सही यायची आणि गाडीची पाटी अक्षर लावून लावून वाचता यायची, एवढंच. चाळीतल्या खोलीत गावची दहा-बारा माणसं राहायची. जवळच एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, तिथून रोजच्या भाड्याने पुस्तक यायचं. भाडं दिवसाचं असल्यामुळे पुस्तक त्याच रात्री संपवायला लागायचं. म्हणून खोलीतला एक शिकलेला माणूस मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. भानगड अशी व्हायची की या वाचणाऱ्याची शिफ्ट बदलली की तो रंगात आलेली गोष्ट अर्धवट टाकून कामाला निघून जायचा. पुस्तक समोर, आणि पुढचं काय ते कळत नाही! काकांच्या वडिलांना ते सहन होईना. त्यांनी स्वतःच एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा एका पानाला अर्धा तास. मग दहा मिनिटं. वर्षभरात तेच खोलीतले वाचणारे झाले. पुढे त्यांनी पेपर वाचला, पोथी वाचली, युनियनची पत्रकं वाचली, पोरांची मार्कशीटही वाचली. पण त्यांना वाचायला शिकवलं ते धनंजय आणि छोटूने.

नंतर त्यांनी अर्नाळकरांची जुनी पुस्तकं विकत घेऊन ट्रंकेत जमवली. प्रत्येक पुस्तकात पंचविसाव्या पानावर ते स्वतःचं नाव लिहायचे. लायब्ररीचा शिक्का आतल्या एखाद्या पानावर असतो, ते बघून त्यांनी ही पद्धत उचलली होती. काका स्वतः अठराव्या वर्षी बदली कामगार म्हणून त्याच मिलमध्ये लागले. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि पुढचं आपल्याला माहीतच आहे. घर चालेना म्हणून कुटुंब बोईसरला आलं. एम.आय.डी.सी.त काका कंपनीत कामाला लागले. ते सामान हलवताना ट्रंकेतली पुस्तकं रद्दीत गेली. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण जेवलेही नाहीत, असं काका म्हणाले.

हे सांगताना काकांनी आमच्या हातातलं ते फाटकं पुस्तक घेतलं आणि सरळ पंचविसावं पान उघडलं. पानावर काही नव्हतं. त्यांनी ते उलट्या बाजूनेही बघितलं आणि पुस्तक मला परत दिलं. आमच्यापैकी कुणालाच काय बोलावं सुचलं नाही.

बाबुरावांना वाचकांनी असं मनापासून धरून ठेवलं, पण मोठ्या लोकांनी त्यांना दारातच उभं केलं. समीक्षकांच्या लेखी रहस्यकथा म्हणजे साहित्यच नव्हे. शिकल्यासवरलेल्या घरांत ही पुस्तकं गादीखाली आणि अभ्यासाच्या पुस्तकाच्या आत लपवून वाचली जायची. सापडली तर मार मिळायचा. गंमत म्हणजे मारणाऱ्यानेही ती लहानपणी तशीच लपवून वाचलेली असायची! आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका सरांना मी भीत भीत विचारलं, तर व्हायवा राहिला बाजूला आणि सर पंधरा मिनिटं काळापहाडवर बोलत बसले.

टीका करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असंही मी म्हणणार नाही. एवढं लिहिल्यावर सगळं सारखं उतरणं शक्य नाही. काही कथांचे शेवट घाईघाईने गुंडाळल्यासारखे वाटतात. योगायोगांवर जरा जास्तच भार असतो. इंग्रजी रहस्यकथांची छाया तर ठिकठिकाणी दिसते. लेस्ली चार्टरिसचा सेंट वाचलेल्याला झुंजार कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो, आणि एडगर वॉलेसची घोडदौडही जाणवते. ख्रिस्तीसारखं सगळे पुरावे वाचकासमोर ठेवून त्याला हरवायचं, असा खेळ बाबुराव दर वेळी खेळत नाहीत. त्यांचा जोर कोडं सोडवण्यापेक्षा पुढे काय होणार यावर जास्त. पण मला वाटतं, ज्याला अजून नीट वाचता येत नाही अशा माणसाला पान उलटायला लावायचं असेल तर हाच जोर लागतो. ज्ञानेश्वरीपासून सुरुवात कर म्हटलं असतं तर काकांचे वडील कधीच वाचायला शिकले नसते. रहस्यकथेपासून सुरुवात केली म्हणून ते पोथीपर्यंत पोचले. मराठीत वाचणारा माणूस तयार करण्याचं जे काम शाळांनी केलं, तेच बाबुरावांनी गिरणगावातल्या खोल्यांत केलं, आणि तेही फी न घेता, एक दिवसाच्या भाड्यात. याची दखल साहित्याच्या दरबारात फारशी घेतली गेली नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

बाबुरावांनी तयार केलेल्या या वाटेवरून पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर असे लेखक आले आणि त्यांनीही आपापला वाचक मिळवला. मात्र काळ बदलत होता. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू चाळीत पुस्तक ऐकायला जमणारी माणसं टी.व्ही. बघायला जमू लागली. संपानंतर गिरणगावच विस्कटलं. गिनीज बुकातली बाबुरावांची नोंद १९८४ ला थांबते, म्हणजे तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये टी.व्ही.वर गाजरं खाणारा करमचंद आला. जणू ड्युटी बदलली! ५ जुलै १९९६ रोजी बाबुराव गेले. त्याआधी महिनाभरही झाला नव्हता, त्यांनी नव्वदी पूर्ण केली होती. नंतरच्या काळात त्यांच्या निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, पण त्या हजार पुस्तकांतली बहुतेक आज कुठे आहेत? रद्दीत. किलोच्या भावाने.

आता तुम्ही म्हणाल, मॅगेझिनमध्ये हे सगळं कशाला? आमच्या हातात मोबाईल आहे, त्यावर हव्या तेवढ्या क्राईम सिरीज आहेत. बरोबर आहे. मीही बघतो. पण सिरीजमध्ये एक एपिसोड संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि विचार करायला जागाच राहत नाही. पुस्तकात मात्र पान उलटायच्या आधी क्षणभर थांबून आपण स्वतः डोकं चालवू शकतो. मला तर वाटतं की रहस्यकथा हे इंजिनिअरचंच वाचन आहे. सुट्टीत मी इथल्या एका कंपनीत ट्रेनिंगला होतो. एक पंप सारखा ट्रिप व्हायचा. प्रत्येक जण आपापला संशयित घेऊन तयार: कुणी म्हणे मोटर, कुणी म्हणे व्होल्टेज. तिथल्या जुन्या फिटरने कुणावरच आरोप केला नाही. त्याने आधी तो कधी ट्रिप होतो याच्या वेळा लिहून काढल्या, मग एकेक कारण तपासून बाद केलं. शेवटी सापडला तो सक्शनच्या स्ट्रेनरमध्ये अडकलेला कचरा, ज्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. त्या दिवशी मला तेलकट कपड्यातला धनंजय दिसला. आधी पुरावा, मग निष्कर्ष. आपण मात्र प्रॅक्टिकलमध्ये आधी उत्तर लिहितो आणि मग त्याला जुळतील अशी रीडिंग्ज तयार करतो. धनंजयने असं केलं असतं तर दर सोळा दिवसांनी एक निरपराध माणूस फासावर गेला असता!

आमच्या त्या पुस्तकाचं पुढे काय झालं? शेवट मिळाला नाही. काकांना ती गोष्ट आठवेना. हजारांतली एक, आठवणार तरी कशी? मग आम्ही चौघांनी जर्नलच्या उरलेल्या कागदांवर चार शेवट लिहिले आणि काकांना वाचून दाखवले. त्यांनी चारही नापास केले. त्यांच्या मते खुनी पाचवाच आहे, पण पुरावा मिळेपर्यंत ते नाव सांगणार नाहीत. आता ते पुस्तक गेटजवळच्या केबिनमध्ये असतं. नाईट ड्युटीला काका चष्मा लावून ते परत परत वाचतात. गेट वाजवल्यावर पटकन उघडलं नाही तर समजून घ्या, धनंजय सगळ्यांना जमवून बोलायला लागलाय.

म्हणून सर्व विद्यार्थ्यांना आणि स्टाफला एक विनंती. या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका जरा उघडून बघा. आजोबांच्या, मामांच्या सामानात बाबुराव अर्नाळकर हे नाव दिसलं तर ते पुस्तक रद्दीत टाकू नका. हॉस्टेलवर घेऊन या. आणि आधी पंचविसावं पान बघा. त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं असेल तर लगेच गेटवर सांगा.

फक्त खुनी कोण ते सांगू नका. ते आमचं आम्ही शोधू!